टाइप दोन मधुमेह : निदानानंतरचं पहिलं वर्ष

पुष्कळांना मधुमेह कळतो तो भलत्याच निमित्ताने. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं जातं, विमा कंपनीला रिपोर्ट हवे असतात, ऑफिसात वार्षिक चेकअप असतं, आणि कागदावर एक आकडा ठळक छापून येतो. घरातली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : "पण मला तर काहीच होत नाहीये." मग फोन सुरू होतात. मावशी कारल्याचा रस सुचवते, शेजारचे काका जांभळाच्या बियांची पूड आणून देतात, आणि कुणीतरी हमखास बजावतं की गोळी एकदा लागली की कायमची, तेव्हा आधी दोन-तीन महिने पथ्यावर काढून बघ.

हे दोन-तीन महिने बघता बघता दोन-तीन वर्षं होतात. टाइप दोन मधुमेहात सगळ्यात जास्त काही हाती लागण्यासारखं असतं ते नेमकं याच काळात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीने देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला, शिवाय १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर. म्हणजे हा लेख वाचणाऱ्याच्या घरात नाही तर निदान त्याच्या जिन्यात तरी कुणाला ना कुणाला शुगर आहेच.

निदान पक्कं करून घ्या

उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, आणि एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त : या मधुमेहाच्या रेषा. (साखरेचे आकडे रक्ताच्या प्रत्येक डेसिलिटरमागचे आहेत, लॅबच्या कागदावरही तसेच असतात.) तहान, वारंवार लघवी, वजन घटणं अशी लक्षणं असतील आणि कधीही घेतलेली साखर २०० च्या वर असेल तर तेवढं पुरतं. लक्षणं नसतील तर एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नसतो. दुसरी तपासणीही तेच सांगते का, ते पाहावं लागतं. घरच्या ग्लुकोमीटरवर निदान करत नाहीत. मोठा ताप, ऑपरेशन किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या यांनीही साखर काही काळ चढते.

एचबीए१सी ही लोकांच्या बोलण्यातली ‘तीन महिन्यांची’ तपासणी. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते, ती किती चिकटली हे यात मोजतात. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर साधारण १५४, ८ टक्के म्हणजे १८३. पण पेशींचंच आयुष्य बिघडलेलं असेल तर हा आकडा फसवतो. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर तो खोटा वाढू शकतो, नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील तर खोटा कमी येऊ शकतो. आपल्याकडे बायकांमध्ये रक्तक्षय किती आहे, आणि विदर्भात व नंदुरबार भागात सिकलसेल किती घरांत आहे हे पाहता, हिमोग्लोबिन न बघता नुसत्या एचबीए१सीवर विसंबणं धोक्याचं आहे.

वय कमी, अंगाने बारीक आणि काही आठवड्यांत वजन झरझर उतरलेलं, असं असेल तर हा टाइप एक तर नाही ना, हे डॉक्टरांना सरळ विचारा. त्याचा उपचार पहिल्या दिवसापासून इन्सुलिन हाच असतो.

बिघडतं काय

"रात्री जेवलो नाही तरी सकाळी १६०, हे कसं?" हा दवाखान्यात रोज येणारा प्रश्न आहे आणि त्याच्या उत्तरात अर्धा आजार समजतो. रात्री आपण झोपलेले असताना मेंदूला साखर पुरवण्याचं काम यकृत करतं. ते स्वतः साठवलेली आणि नव्याने बनवलेली साखर रक्तात सोडतं. इन्सुलिन त्याला आवर घालतं. टाइप दोनमध्ये यकृत आणि स्नायू इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत, त्यामुळे यकृत रात्रभर साखर ओतत राहतं आणि स्नायू ती उचलत नाहीत. स्वादुपिंड काही वर्षं जास्तीचं इन्सुलिन तयार करून हे निभावून नेतं. त्याची ताकद कमी पडू लागली की आकडा दिसायला लागतो. म्हणजे निदान होतं तेव्हा आजार नवा नसतो. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासातून असा अंदाज निघाला की निदानाच्या वेळीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचं निम्मं काम गेलेलं असतं.

"आमच्या घरात कुणी जाड नाही" हा दुसरा ठरलेला मुद्दा. त्याला उत्तर पुण्यातून मिळालं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे कागदोपत्री दोघंही सडपातळ. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! हातपाय काटकुळे, पोटात मात्र चरबी, ही आपली ठेवण. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या कामातून दिसलं की ती जन्मापासूनच असते : आपली बाळं वजनाला कमी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलते. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायकांची ८० च्या आत हवी. बीएमआयची सुरक्षित रेषाही आपल्यासाठी २५ नसून २३ आहे.

पहिल्या वर्षांची किंमत

यूकेपीडीएसचं नाव वर आलं, त्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. १९७७ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात नुकतंच निदान झालेले पाच हजारांवर लोक होते. एका गटाची साखर औषधांनी काटेकोर ठेवली, दुसऱ्याची त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे. दहा वर्षांच्या काळात पहिल्या गटाचं एचबीए१सी ७.० राहिलं, दुसऱ्याचं ७.९. फरक एका टक्क्याहूनही कमी, पण डोळे आणि मूत्रपिंडं यांसारखे बारीक रक्तवाहिन्यांचे विकार पहिल्या गटात २५ टक्क्यांनी कमी झाले. १९९८ मध्ये हे निकाल लागले आणि अभ्यास संपला. त्यानंतर वर्षभरातच दोन्ही गटांची साखर सारखी झाली. तरीही पुढची दहा वर्षं नोंदी ठेवल्या, तेव्हा २००८ मध्ये दिसलं की सुरुवातीला साखर नीट ठेवलेल्यांना फायदा मिळतच राहिला होता. हार्ट अ‍ॅटॅक आणि मृत्यूही त्यांच्यात कमी होते. सुरुवातीच्या वर्षांत जे होतं, चांगलं किंवा वाईट, ते शरीर फार काळ धरून ठेवतं. ‘दोन-तीन महिने बघू’ म्हणणाऱ्यांना हा निकाल दाखवावा.

आकडा कुणाचा किती

बहुतेक प्रौढांसाठी एचबीए१सी ७ च्या आत, उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत, असं लक्ष्य असतं. पण हे सगळ्यांना एकाच मापाने लावू नये. चाळिशीतल्या, नुकत्याच निदान झालेल्या माणसाने ६.५ पर्यंत जायला हरकत नाही. ऐंशीच्या आजींना, ज्या एकट्या राहतात आणि ज्यांचा हृदयविकार जुना आहे, त्यांना ८ सुद्धा चालतं. त्यांची साखर उतरून त्या बाथरूममध्ये पडल्या तर कंबरेचं हाड मोडेल, ते नुकसान जास्त मोठं.

जेवणानंतरची तपासणी पहिल्या घासापासून दोन तासांनी करायची, हात धुतल्यापासून नव्हे. आणि ती नेहमीचं जेवण जेवून, नेहमीची गोळी घेऊन करायची. ‘आज टेस्ट आहे म्हणून गोळी घेतली नाही’ असं म्हणणारे खूप भेटतात, आणि आदल्या दिवसापासून फक्त काकडीवर राहणारेही. दोघांचाही रिपोर्ट निरुपयोगी. काकडीवाल्यांचं बिंग एचबीए१सीमध्ये फुटतंच.

ग्लुकोमीटर घ्यावा. फक्त रोज सकाळी उपाशीपोटीचा एकच आकडा लिहून वही भरवण्याला अर्थ नाही. आठवड्यातले दोन दिवस निवडा आणि एखाद्या जेवणाआधी व नंतर दोन तासांनी मोजा. पोह्यांनी किती चढली, उसळ-भाकरीने किती, पुरणपोळीने किती, हे स्वतःच्या रक्तातून कळतं आणि कुठल्याही तक्त्यापेक्षा लवकर पटतं. हात साबणाने धुऊन कोरडे करून मगच टोचा. आंबा चोखून झाल्यावर तशाच बोटाने मोजलेली साखर ही आंब्याची असते.

ताट

साखर सोडली म्हणजे पथ्य झालं, हा आपल्याकडचा सगळ्यात पक्का गैरसमज. चहातली साखर बंद करणं चांगलंच. दोन चमचे घालून दिवसाला चार कप म्हणजे ती कमी नसते. पण मराठी ताटातली खरी साखर पिठात आणि भातात आहे. १०० ग्रॅम तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदकं असतात, ज्वारीत ६८, गव्हाच्या कणकेत ६४. म्हणजे ज्वारी आणि गहू यांच्यात, निदान या हिशेबात, फारसा फरक नाही. भाकरी ‘चालते’ म्हणून दोन भाकरी खाणाऱ्याने पीठ मोजून पाहावं : मध्यम भाकरीला साठ-सत्तर ग्रॅम लागतं, फुलक्याला वीस-पंचवीस. एक भाकरी म्हणजे जवळजवळ तीन फुलके. ज्वारी-बाजरीचं मोल आहेच, कोंड्यासकट पीठ पोटात जातं आणि भाकरी पोटभरीची होते, पण ती औषध नव्हे.

भात वर्ज्य करायची गरज नाही. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्याला भात सोड म्हणणारा डॉक्टर त्याला खोटं बोलायला शिकवतो. भात एक वाटी, डाळ दोन वाट्या, आणि भाजी ताटाच्या अर्ध्या भागात, असं उलटं गणित मांडलं की बरंच साधतं. जेवणाची सुरुवात कोशिंबीर, भाजी, उसळ, अंडं किंवा मासा यांनी करावी आणि पोळी-भात नंतर घ्यावा. त्याच जेवणाने साखर कमी चढते. कडधान्यांच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. मटकी, चवळी, वाल, कुळीथ, हरभरा, शिवाय पिठलं आणि झुणका : प्रथिनांची सोय घरात असताना महागड्या पावडरींचे डबे आणायचं कारण नाही. पोह्यांत मटार, शेंगदाणे आणि वर मोड आलेली मटकी पडली की ते वेगळाच पदार्थ होतात.

उपासाचं काय? साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च : १०० ग्रॅममागे ८८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आणि प्रथिनं नावालाच. त्यात बटाटा, सोबत साखर घातलेलं दही, नंतर केळं. एकादशी दुप्पट खाशी हे आपणच म्हणतो. उपास करायचाच असेल तर राजगिरा, शेंगदाण्याची आमटी, ताक, काकडी, बेताची भगर हा मार्ग आहे. मात्र साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर निर्जळी किंवा कडक उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

गूळ, मध, खडीसाखर, ‘ऑरगॅनिक’ साखर : रक्ताला हा भेद कळत नाही. शुगर-फ्री बिस्किटं म्हणजे मैदा आणि तेल. फळं खावीत, रस पिऊ नये. हापूसच्या दिवसांत जेवणावर वाटीभर आमरस ओतण्यापेक्षा संध्याकाळी दोन फोडी खाल्ल्या तर कुणाचं बिघडत नाही. पेरू आणि जांभूळ खुशाल. कारलं, मेथी खाव्यात, भाजी म्हणून त्या उत्तम आहेत. पण ‘शंभर टक्के आयुर्वेदिक, गोळी बंद’ अशी निनावी पूड घेऊ नये. अशा पुड्यांत अ‍ॅलोपॅथीचीच साखरेची औषधं मिसळलेली सापडली आहेत, आणि त्यांचा डोस कुणालाच माहीत नसतो.

काही वर्षांपूर्वी ‘दीक्षित की दिवेकर’ या वादाने महाराष्ट्रातली लग्नं आणि बारशी गाजवली : दिवसातून दोनदाच जेवायचं, की थोडं थोडं अनेकदा. माझं मत विचाराल तर, जी पद्धत पाळून तुमची कंबर कमी होते, एचबीए१सी उतरतं आणि दोन वर्षांनीही जी तुम्ही पाळत असता, ती तुमची. फक्त ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डोस बदलून घेतल्याशिवाय दोन जेवणांवर येऊ नये.

शतपावली

काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालल्याचा परिणाम त्याच दिवशी मीटरवर दिसतो. आपल्या आजोबांची शतपावली शंभर पावलांवर थांबत असे. ती हजारावर न्यावी एवढंच. आठवड्याला निदान १५० मिनिटं दमवणारं चालणं हवं, तेही दोन दिवसांपेक्षा जास्त खंड न पडता.

याच्या जोडीला ताकदीचा व्यायाम, आणि याकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. आपल्या शरीरात स्नायू मुळात कमी, आणि साखर साठवायची सगळ्यात मोठी जागा तीच. आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं. जिमच्या वर्गणीवाचून होतं. अर्धा-पाऊण तास झाला की बसलेल्या जागेवरून उठावं, हेही त्यातच आलं.

गोळ्या आणि इन्सुलिन

पहिली गोळी बहुधा मेटफॉर्मिन. युरोपातल्या एका रानटी झुडपातल्या रसायनावरून ही सुचली आणि १९५७ मध्ये फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी ती मधुमेहावर वापरली. ती यकृताला आवर घालते, स्वस्त आहे, एकटी घेतली तर साखर फार खाली नेत नाही. सुरुवातीला मळमळ, पोट बिघडणं होतं. जेवणासोबत घेतली आणि डोस हळूहळू वाढवला तर बहुतेकांचं निवळतं. ‘किडनी खराब करते’ ही बदनामी खोटी आहे. खरं उलट आहे : मूत्रपिंड आधीच बरंच खराब झालं असेल तर ही गोळी कमी किंवा बंद करावी लागते. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होतं, आणि शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं. पायाला मुंग्या आल्या की प्रत्येक वेळी मधुमेहालाच दोष देऊ नये, बी-१२ तपासावं.

पुढच्या गोळ्यांची निवड साखरेच्या आकड्यापुरती राहिलेली नाही. हृदय कमकुवत असेल किंवा लघवीतून प्रथिन जात असेल तर डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं साखरेपलीकडे जाऊन हृदय आणि मूत्रपिंड सांभाळतात. ती साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे पाणी भरपूर प्यावं, अंगाची स्वच्छता ठेवावी, आणि लांबलेले उपास, जुलाब-उलट्या किंवा ऑपरेशन यांच्या काळात ती थांबवण्याबद्दल विचारून ठेवावं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड स्वस्त आणि जोरदार, पण जेवण चुकलं तर साखर उतरवणारी. जेनेरिक गोळ्या जन औषधी दुकानात बऱ्याच कमी किमतीत मिळतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातही तिशीपुढच्यांची तपासणी होते आणि मूळ औषधं मोफत दिली जातात. खर्च परवडत नाही म्हणून दिवसाआड गोळी घेण्यापेक्षा डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं.

इन्सुलिनला लोक शेवटची पायरी समजतात आणि दोन-दोन वर्षं टाळतात. स्वादुपिंड पुरेसं इन्सुलिन देईनासं झालं की ते बाहेरून द्यायचं, यात हार कसली? कधी कधी निदानाच्या वेळी साखर फार चढलेली असते, तेव्हा काही आठवडे इन्सुलिन देऊन नंतर गोळ्यांवर आणतातही. एका गोष्टीत मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन ४० युनिटचं आणि १०० युनिटचं, दोन्ही मिळतं. ४० ला लाल टोपणाची सिरिंज, १०० ला केशरी. अदलाबदल झाली तर डोस अडीच पट जास्त किंवा तितकाच कमी होतो. बंद बाटल्या फ्रिजच्या दारात ठेवाव्यात, फ्रीझरजवळ कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं.

साखर उतरली तर

७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, चिडचिड, भूक, आणि पुढे गोंधळल्यासारखं बोलणं. लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, नसेल वाढली तर पुन्हा साखरपाणी. मग पोळी किंवा भात. पेढा-चॉकलेट नको, त्यांतल्या स्निग्धांशाने साखर रक्तात पोचायला उशीर होतो. ज्यांना व्होग्लिबोस किंवा अकार्बोज या गोळ्या चालू आहेत त्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही, त्यांनी ग्लुकोजची पूड खिशात ठेवावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही ओतू नका, दवाखान्यात न्या. ग्लिमेपिराइडने उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून ‘बरं वाटतंय’ म्हणत झोपी जाऊ नये.

डोळे, मूत्रपिंडं, पाय

साखरेच्या नादात या तपासण्या राहतात. निदान झालं त्याच वर्षी, शक्यतो त्याच महिन्यात, डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासून घ्यावा आणि पुढे दर वर्षी. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे पडदा तपासणं नव्हे. पडद्यावर रक्तस्राव होईपर्यंत नजर छान असते. मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन पुरत नाही, ते उशिरा वाढतं. लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण मोजणारी तपासणी मागून घ्या. ३० च्या वर आलं तर पुन्हा तपासून लगेच उपाय सुरू होतो आणि मूत्रपिंडाचं नुकसान बरंच लांबवता येतं.

पायांची गोष्ट महाराष्ट्रात जरा जास्तच सांगावी लागते. आपण देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी फिरतो, नवसाला अनवाणी चालतो, वारीत तर मैलोन्‌मैल. संवेदना गेलेल्या पायाला खडा टोचलेला कळत नाही. फोड येतो, पिकतो, आणि मोज्याला डाग दिसल्यावर लक्षात येतं. रोज रात्री तळवे बघावेत. वाकता येत नसेल तर आरसा ठेवावा किंवा नातवाला बघायला सांगावं. गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये, ब्लेडने कुरूप कापू नये. डॉक्टरांकडे वर्षातून एकदा मोजे काढून पाय दाखवावेत, आणि त्यांनी नायलॉनच्या तंतूने संवेदना तपासली नाही तर आपण आठवण करावी.

याच यादीत रक्तदाब (१३०/८० च्या आत) आणि कोलेस्टेरॉलही आहे. चाळिशीपुढच्या बहुतेक मधुमेहींना स्टॅटिनची गोळी सुचवतात, कारण मधुमेही माणसाला सगळ्यात मोठी भीती हृदयविकाराची असते. डेन्मार्कमधल्या स्टेनो-२ अभ्यासात १६० लोक होते. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, व्यायाम, धूम्रपान यांवर एकत्र काम केलेला गट एकवीस वर्षांनी पाहिला, तर दुसऱ्या गटापेक्षा सुमारे आठ वर्षं जास्त जगला होता. तंबाखू आणि मशेरी सुटल्याशिवाय बाकीचं पथ्य अर्धवटच.

आणखी एक : मधुमेहात क्षयरोगाची शक्यता दोन-तीन पट वाढते. दोन आठवडे खोकला राहिला तर बेडका तपासून घ्यावा.

गोळी सुटेल का

काही जणांची सुटते. स्कॉटलंड आणि ईशान्य इंग्लंडमध्ये डायरेक्ट नावाचा अभ्यास झाला. मधुमेह सहा वर्षांच्या आतला, इन्सुलिन नाही, वजन जास्त, अशा लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे साडेआठशे कॅलरीच्या द्रव आहारावर ठेवलं आणि औषधं बंद केली. वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांचं एचबीए१सी गोळीशिवाय ६.५ च्या खाली होतं. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन घटवलं त्यांच्यात तर ८६ टक्के. मात्र दोन वर्षांनी तो ४६ चा आकडा ३६ वर आला. यकृत आणि स्वादुपिंडात साचलेली चरबी उतरली की इन्सुलिनचं काम पुन्हा सुधारतं, असं या अभ्यासातले रॉय टेलर मांडतात. त्यांनी नंतर २७ पेक्षा कमी बीएमआय असलेल्या २० जणांवर हाच प्रयोग केला, तेव्हा १४ जणांना औषधाशिवाय राहता आलं. आपल्या याज्ञिक-छाप बारीक मंडळींसाठी ही आशेची गोष्ट आहे, जरी संख्या लहान असली तरी.

पण ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशा फलकांपासून लांब राहा. वजन परत आलं की साखर परत येते. गोळी सुटली तरी वर्षातून निदान एकदा एचबीए१सी, आणि डोळे-मूत्रपिंड-पायांची तपासणी चालूच. असा कमी कॅलरीचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय, नुसता व्हिडिओ पाहून सुरू करू नये.

घरातली बाकीची माणसं

बाबांसाठी वेगळी भाजी आणि बाकीच्यांसाठी वेगळी, हे फार दिवस टिकत नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईचेच हाल होतात, आणि मधुमेह तिलाच असेल तर ती उरलेला भात संपवत बसते. वर सांगितलेलं ताट दहा वर्षांच्या मुलालाही चालतं, तेव्हा एकच स्वयंपाक करावा. निदान झालेल्याच्या भावंडांनी आणि तिशी ओलांडलेल्या मुलांनी उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी तपासून घ्यावं, कंबर मोजावी. मुलीला किंवा सुनेला गरोदरपणात साखर वाढली असेल तर बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांच्या आत तिची ग्लुकोज पिऊन तपासणी व्हायला हवी. बाळाच्या लसीची तारीख सगळ्या घराला पाठ असते, आईच्या या तपासणीची कुणालाच नसते. ती लसीच्याच कार्डावर लिहून ठेवा आणि त्याच फेरीत उरकून घ्या.